उन्हात उभी सायकल

धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरातली सगळी माणसं तिच्या दिमतीला लागलेली, आणि थोरला भाऊ मात्र रोज सकाळी तलावावर. "मामा झालास, आता तरी जरा शहाणा हो," असं बाळंतिणीनं अंथरुणावरून सांगून पाहिलं. पण त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, अशी ती छोटी ट्रायथलॉन यंदा काही झालं तरी वेळेत पुरी करायची.

थोरला लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून तारांना ग्रीस लावायचं. त्यात चाळिशी उलटलेली. पोहताना मान पाण्यात घालायची त्याला भीती वाटे, म्हणून तलावावरच्या मंडळींनी त्याचं नाव 'बदक' ठेवलं होतं. पहिल्या वर्षी या बदकाला होडीत घालून काठावर आणलं. दुसऱ्या वर्षी पोहणं झालं, सायकल झाली, पण पळताना पोटरीत असा गोळा आला की स्वारी रस्त्याच्या कडेला आडवी. तिसऱ्या वर्षी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं.

"अहो, बाहेरच्या खोलीत माणसाला बसायला जागा नाही, आणि तुमची सायकल जावयासारखी भिंतीला टेकून उभी. यंदा वेळेत पोहोचलात तर ती राहील. नाही पोहोचलात तर ती जाईल, आणि हा विषयही तिच्यासोबत जाईल. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. म्हणून बसला खरा, पण त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला.

त्याच्या बाबांचा उभा जन्म सायकल दुरुस्तीत गेलेला. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. मुलाच्या या नादाबद्दल त्यांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट. पण त्या वर्षी शर्यतीच्या सकाळी स्वतःहूनच चपला घालून दाराशी उभे राहिले. "मीही येतो. बघू तरी, जिथून निघायचं तिथंच परत यायला माणसं एवढा घाम कशाला गाळतात ते." हातात एक लांबुळकी पिशवी होती. तिच्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही.

थोरल्याला मनातून फार बरं वाटलं. सायकली लावायच्या आवारात त्यानं मुद्दाम अगदी कडेची, कठड्याला लागून असलेली जागा घेतली. बाबांना सगळं जवळून दिसावं, एवढाच हेतू. टायर दाबून पाहिले. दगडासारखे टणक. मग बायकोला आणि बाबांना कठड्याशी उभं करून तो पाण्याकडे गेला.

तिथं सगळा खोळंबा. सुरक्षेच्या होडीचं इंजिनच सुरू होईना. एकानं दोरी ओढली, दुसऱ्यानं ओढली, तिसऱ्यानं लाथ घातली. तोवर ऊन चांगलंच वर आलं. रबरी टोप्या घातलेली ती सगळी गर्दी काठावर उभी राहून भाजत होती.

"होडीला पोहता येतं का बघा आधी!" कोणीतरी ओरडलं. थोरल्याला हसू आलं नाही.

शेवटी शिट्टी झाली. आणि बघा, ज्या पाण्यानं त्याला दोन वर्षं छळलं, त्या पाण्यात त्या दिवशी त्याची मान आपोआप आत गेली. कोणाची लाथ लागली, कोणाचं कोपर लागलं, थोडं पाणी नाकात गेलं, पण तो थांबला नाही. बाहेर आला तेव्हा मागं अजून कितीतरी टोप्या तरंगत होत्या. इतकं चांगलं तो जन्मात पोहला नव्हता. "बदक उडालं, बदक उडालं!" तलावावरचे मित्र ओरडले. तो ओल्या पायांनीच आवाराकडे धावला.

बूट चढवले, शिरस्त्राण घातलं, सायकल काढली. चार पावलं ढकलली तर हाताला काहीतरी वेगळं लागलं. वाकून टायर दाबला. अंगठा आत गेला. मागचा दाबला. तो तर आणखी मऊ.

"हवा! हवा कोणी काढली?" त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण हरामखोर..."

"मी काढली," कठड्यापलीकडून बाबा म्हणाले.

"काय?"

"मग काय करू? ऊन केवढं चढलंय बघ ना. एवढी टम्म फुगवून ठेवलेली, ट्यूब फुटली असती. त्या बारीक टोपीखाली पेच होता, तो सैल केला. सोपं होतं."

आता यात बाबांचं काही खोटं नव्हतं. दुकानात दुरुस्त झालेली सायकल उन्हात उभी करायची तर आधी तिची हवा थोडी सोडायची, ही त्यांची जन्माची सवय. ठिगळ लावलेल्या ट्यूब उन्हात फुटतात. गिऱ्हाईक आलं की पंप लावायचा, हवा भरायची, सायकल हातात द्यायची. थोरला लहानपणी हेच बघत वाढला होता. फक्त दुकानात पंप दाराशीच उभा असे.

"अरे, मग तोंड काय बघतोस? भर की आता. हा घे." बाबांनी पिशवीतून दुकानातला जुना पंप काढला आणि कठड्यावरून पुढं केला. इतका वेळ पाण्याकडेच बघत उभ्या असलेल्या बायकोनं कपाळावर हात मारला.

थोरल्याचा हात पुढं गेलाच होता, तेवढ्यात शिट्टी वाजली. पंच बाई धावत आल्या. "हात लावू नका! बाहेरची मदत घेतलीत तर बाद व्हाल."

"अहो बाई, मी बाहेरचा नाही. बाप आहे त्याचा," बाबा म्हणाले.

"काका, बाप असलात तरी कठड्याच्या बाहेरच आहात ना?"

"मग या कठड्याच्या आत येतो."

"बाबा!" थोरला ओरडला. "हात जोडतो तुम्हाला, काही करू नका. काहीच करू नका!"

आवारात दुसरा पंप नव्हता. दुरुस्तीची गाडी पुढं, रस्ता वळतो तिथं उभी होती. त्याचा स्वतःचा छोटा पंप त्यानंच आदल्या दिवशी, वजन नको म्हणून, घरी काढून ठेवला होता. आता रागवायचं तरी कोणावर? तो तसाच निघाला. चाक रस्त्याला चिकटल्यासारखं चाले. वळणावर सायकल शेपटी हलवल्यासारखी हले. ज्यांना पाण्यात मागं टाकलं होतं ते एकेक करून पुढं जाऊ लागले. एक पोरगी जाता जाता म्हणाली, "काका, हवा कमी आहे!"

"माहीत आहे!" तो दातओठ खात म्हणाला.

गाडीजवळ पोहोचेपर्यंत मांड्यांचा पिट्टा पडला होता. गाडीवाल्यानं टायर बघून विचारलं, "असे निघालातच कसे?"

"घरच्यांची माया," थोरला म्हणाला. "भरा लवकर."

हवा भरल्यावर सायकल पाण्यासारखी पळाली, पण पायांतलं बळ आधीच खर्ची पडलं होतं. पळताना त्याच्या नाकी नऊ आले. तरी तो थांबला नाही, चाललाही नाही. शेवटच्या वळणावर कमान दिसली, खाली उभी असलेली माणसं ओळखू येऊ लागली, आणि भोंगा वाजला. वेळ संपली. दोन वर्षं अर्ध्यातून परतलेला माणूस तिसऱ्या वर्षी सगळं पुरं करून आला, आणि निकालात त्याच्या नावापुढं काही लागलं नाही.

तो गवतावर बसला. बाबा हळूहळू चालत आले, शेजारी टेकले.

"ट्यूब फुटली नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही फुटली."

"मग झालं तर."

थोरल्याच्या तोंडाशी इतकं काही आलं होतं! पण म्हाताऱ्याचा चेहरा काम नीट झाल्यासारखा समाधानी होता. त्यानं सगळं गिळलं आणि वाकून बूट काढू लागला.

बायकोनं घरी आल्यावर शब्दाची आठवण करून दिली नाही. "राहू दे हवी तर," असंही म्हणाली. पण कबूल केलं ते केलं. लिफ्टच्या कामावरच्या सोबत्यानं सायकल नेली. त्यानंतर थोरला कधी तलावावर गेला नाही. 'बदक' म्हणून कोणी हाक मारली तर ओ देत नसे.

बाबा त्याच वर्षी, थंडी सुरू झाली तेव्हा, एका मंगळवारी सकाळी वारले. तोवर थोरल्यानं त्या हवेचा विषय त्यांच्यापाशी एकदाही काढला नव्हता.