दुमडलेलं बोट

आमच्या काचेच्या दुकानात मांजरसुद्धा सरळ चालत नाही. दारातून आत येते, भिंतीला घासत जाते आणि जिन्याखालच्या कोपऱ्याला लांबून वळसा घालते. तिथे आमचा कुत्रा बांधलेला असायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली. मांजरीला त्याचा धाक आठवत असेल, तिचं मी समजू शकते. पण मागच्या आठवड्यात तिची पिल्लंही, ज्यांनी जन्मात कुत्रा पाहिलेला नाही, एकामागोमाग एक तस्साच वळसा घालून गेली. कोपरा रिकामा. मी पोट धरून हसले.

मग लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं आणि हसू तिथेच आटलं.

हातात कटर होतं. आमच्या घरात काचेवर रेघ मारायचं कटर मुठीत धरतात. अंगठा वर, पहिलं बोट आत दुमडलेलं. बाबा तसंच धरतात, आजोबा तसंच धरायचे आणि मीही सहा महिने फुटक्या तुकड्यांवर तसंच गिरवत होते. माझी रेघ वीतभर सरळ जाते, पुढे डुगडुगते. बाबांच्या मते माझा हात अजून बसलेला नाही. त्यांचा मात्र चांगलाच बसलाय; मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय चहाचा कप उचलत नाही.

आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, हे बोट दुमडायचं कशाला?

"माझ्या वडिलांना ते बोट नव्हतंच," ते म्हणाले. "काचेनंच गेलं."

"आणि तुम्हाला?"

"मला आहे की." बोट हलवून दाखवलं. "मी लहान होतो. वाटलं, असंच धरतात."

मग बाबांना कधी सांगितलं का नाही, म्हटलं. त्यानं कधी विचारलं नाही, म्हणाले, आणि पान उलटलं.

मी बोट सरळ केलं, कटरच्या पाठीवर टेकवलं आणि दाबलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, सुतासारखी. पुढचे चार दिवस बाबा खिडक्या बसवायला गेले की मी शाळेचं दप्तर भिरकावून तेच करत होते.

शनिवारी एका शिंप्याच्या दुकानासाठी पुरुषभर उंचीचा आरसा आला. उभी पट्टी कापून काढायची होती आणि नेमकं त्याच दिवशी बाबांचं मनगट टम्म सुजलेलं. मी कापते, म्हटलं. नाइलाजानं हो म्हणाले, पण माझी पकड पाहताच हात धरला.

"आपल्यात असं धरत नाहीत."

मी पणजोबांच्या बोटाची सगळी हकिकत सांगितली. बाबांचा चेहरा लाल. इतक्या पिढ्या काय झक मारत होत्या का, म्हणाले.

"एकाला बोट नव्हतं, बाबा. बाकीच्यांनी असून वापरलं नाही."

पेपरमागून आजोबा खोकले. तो खोकला नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "आरसा फुटला तर पुन्हा कटरला हात लावायचा नाही. काचा पुसायच्या फक्त."

"चालेल."

मी माघार घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी चाक नीट फिरावं म्हणून कटर रॉकेलमध्ये बुडवलं, लाकडी मोजपट्टी आरशावर धरली आणि बोट सरळ ठेवून वरपासून खालपर्यंत एका दमात रेघ ओढली. मध्ये थांबले नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. रेघ टेबलाच्या कडेवर येईल इतका आरसा सरकवला, दोन्ही हातांनी दाबला. टक्. पट्टी अख्खी सुटून हातात आली.

बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला. दोनदा. शाबासकी वगैरे आमच्या घरात कुणी देत नाही, मी वाट बघत बसले नव्हते. त्यांनी मनगटाचा पट्टा आवळला, एक फुटका तुकडा ओढून घेतला, कटर उचललं आणि पहिलं बोट सरळ करायचा प्रयत्न केला. ते आपोआप परत आत गेलं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा गेलं.

मी त्यांचं बोट पकडून कटरच्या पाठीवर दाबून धरलं.

"सोडू नका," म्हटलं. "मी बघतेय."