हात ठेवायचा, फिरवायचा नाही

सुताराला हात एका जागी ठेवता येत नाही. फळी समोर आली की तो तिच्यावरून तळवा फिरवणारच. कुठे उंचवटा आहे, कुठे कुसळ लागतं, हे त्याला डोळ्यांआधी हात सांगतो. त्यामुळे काचेच्या पेटीची गोल खिडकी उघडून सिस्टर म्हणाल्या, "घाला हात आत, मुलीशी ओळख करून घ्या," तेव्हा मिस्त्रींनी जन्मभर केलं तेच केलं. मुलीच्या पाठीवरून बोट फिरवलं. फिरवलं तेही अगदी अलगद. पण बोटामागे तांबडी रेघ उमटली आणि तिच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी सुटलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"वेळेच्या फार आधी आलीय ती," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या कातडीची भिंत असते, हिचा अजून नुसता पडदा आहे. म्हणून कुरवाळायचं नाही. हात ठेवायचा, फिरवायचा नाही."

मिस्त्रींनी हात बाहेर काढला आणि खिशात घातला. पुढे कितीतरी दिवस तो त्या खोलीत खिशातच राहिला.

मुलीचं नाव ठेवायचं होतं, तोवर सासूबाई तिला मूठभर म्हणत. सासूबाईंची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्या पिशवीत घरून आणलेली तेलाची बाटली होती आणि ती उघडायला मिळत नाही याचा राग त्या जावयावर काढत.

"अंगाला तेल नाही, म्हणजे पोर बाळसं धरणार कशी? कातडी बघा, कशी कोरडी ठणठणीत पडलीय."

"आजी, तेल-मलम आम्हीही लावतो," सिस्टर म्हणाल्या. "पण तिच्या स्वतःच्या डबीतलं. डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तेवढं. आणि चोळायचं तर अजिबात नाही."

"चोळायचं नाही तर लावायचं कसं?"

"बघा."

सिस्टरांनी नवे हातमोजे चढवले. डबीवर मुलीच्या आईचं नाव चिकटवलेलं होतं, ती डबी दुसऱ्या कुठल्या बाळाकडे जात नसे. बोटावर थोडं मलम घेऊन त्यांनी ते मुलीच्या घोट्यापाशी टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग छातीवरची पट्टी बदलायची होती. ती त्यांनी ओढली नाही. कापसाच्या ओल्या बोळ्यानं कड भिजवली आणि पट्टी उलटी दुमडत, कातडीला लागून, मुंगीच्या चालीनं सोडवत नेली. मुलीनं नुसतं तोंड वाकडं केलं.

"एवढा वेळ एका पट्टीला?" सासूबाई म्हणाल्या.

"घाई केली तर पट्टीबरोबर कातडी येते, आजी. आणि कातडी गेली की आतलं पाणी बाहेर, बाहेरचे जंतू आत."

सासूबाईंनी बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं. एवढंच. पण मिस्त्रींना कळलं, की म्हातारी हरली.

मुलीची आई त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर तापानं पडलेली होती. तिला वर यायची बंदी. ती फोनवर विचारायची, "अहो, आज कशी दिसतेय?" आणि मिस्त्री, ज्यांना एरवी दाराची चौकट सोडून कशाचं वर्णन करता येत नसे, म्हणायचे, "काल होती त्याच्यापेक्षा बरी."

"हात लावलात?"

"लावेन की."

एके दुपारी सिस्टर म्हणाल्या, "उद्या तिला थोडा वेळ पेटीबाहेर काढू. कोणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायची. कातडीला कातडी. त्यानं ऊब राहते, श्वास नीट पडतो. आईला जमणार नाही, तेव्हा तुम्ही या. आंघोळ करून. अत्तर, पावडर, क्रीम काही नको."

मिस्त्री हो म्हणाले आणि थेट दुकानात गेले. तिथे अर्धवट कपाट उभं होतं. त्याच्याकडे न बघता ते स्टुलावर बसले आणि स्वतःचे तळवे बघू लागले. रंध्याच्या मुठीनं घट्टे पाडलेले, बोटांच्या पेरांवर भेगा. याच बोटानं ती रेघ ओढली होती. उद्या पोरीच्या पाठीवर हेच हात जाणार. क्रीम तर लावायचं नाही म्हणाल्या.

आता माणसानं अशा वेळी कुणाला तरी विचारावं. पण मिस्त्रींचा स्वभाव असा, की दुसऱ्याला विचारण्यापेक्षा दोनदा चुकलेलं परवडलं. शिवाय खरखरीत वस्तू गुळगुळीत करणं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी फळीवरून पॉलिश पेपर काढला. सगळ्यात बारीक, शेवटच्या हाताचा. आणि तळव्याला मारला.

घट्टे खरंच उतरले. पांढरा भुगा मांडीवर पडला. उत्साह आला. लाकडात कसं, आणखी थोडं घासलं की आणखी चमक येते. मिस्त्रींनी आणखी थोडं घासलं.

दुसऱ्या दिवशी ते दाराशी चपला काढून आत आले. तिथल्या नियमाप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले आणि भिंतीवरच्या बाटलीतलं औषध तळव्यावर घेतलं. त्यासरशी त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की सासूबाईंनी मागे वळून पाहिलं.

"दाखवा हात," सिस्टर म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तळवे लालभडक, अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोललेली.

"हे काय केलंत?"

"पॉलिश पेपर मारला. बारीकच होता."

सिस्टरांना हसू येत होतं की राग, ते मुखपट्टीमुळे कळलं नाही.

"मिस्त्री, अहो, खरखरीत हाताचं मला काही नव्हतं. तुम्ही नेमकी भिंतच पाडून आलात. उघडी जखम घेऊन मी तुम्हाला तिच्याजवळ बसवू शकत नाही."

"हातमोजे घातले तर? किंवा हात मागे बांधून बसतो."

"हात बरे होऊ द्या."

मिस्त्रींनी मान हलवली. मुलगी आज बाहेर येणारच नाही, आणि तीही आपल्यामुळे, एवढंच त्यांना दिसत होतं. खाली फोनशी बायको वाट बघत असेल. मग ते सासूबाईंकडे वळले. त्या बाईंशी तेलाच्या बाटलीवरून त्यांचं धड बोलणं नव्हतं.

"आई, तुम्ही बसाल का?"

"मी?" सासूबाईंनी नकळत पिशवी मागे सरकवली. "माझ्या हातून काही झालं तर?"

"काही करायचंच नाहीये. ते तुम्हाला जमेल."

"जमेल का, म्हणे," सासूबाई पुटपुटल्या. "कधी नव्हे ते जावयानं कामाला लावलं, तेही काही न करण्याच्या."

पण त्या बसल्या. मिस्त्री दाराबाहेर, काचेपलीकडे उभे राहिले. आजीच्या छातीवर मूठभर पालथी पडली, वर मऊ कापड आलं. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे थोडे चढले, मग स्थिरावले. सासूबाई एरवी मिनिटभर स्वस्थ बसत नसत. त्या दिवशी त्यांनी मधूनच नाक मुरडलं, पण हात जागचा हलवला नाही.

मिस्त्रींच्या तळव्यांना भरून यायला दिवस लागले. कपाट तसंच राहिलं. नवी कातडी आली ती जुनीपेक्षा जाड आणि खरखरीत. या वेळी मात्र त्यांनी कशालाही हात न लावता हात सिस्टरांपुढे धरले.

"पहिल्यापेक्षा वाईट झालेत," ते म्हणाले.

सिस्टरांनी तळवे उजेडात उलटसुलट केले. "अखंड आहेत ना? मग झालं. सदऱ्याची बटणं काढा."

मुलगी छातीवर आली. वजन असं जाणवलंच नाही, नुसती ऊब जाणवली, आणि एक छोटं धापणं. सिस्टरांनी त्यांचा एक हात तिच्या पायांखाली दिला आणि दुसरा कापडावरून तिच्या पाठीवर ठेवला. त्या हाताला सवयीनं पुढे सरकायचं होतं. मिस्त्रींनी तो सरकू दिला नाही. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की हात न फिरवताही कळतंय: इथे पाठीचा कणा, इथे श्वास.

तेवढ्यात त्यांच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी नाक मुरडलं, फुगवलं, ओठ वर नेऊन बघितला.

"आई," ते अगदी हळू म्हणाले. "नाक."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आपले धुतलेले हात मांडीवरून हलवले नाहीत.

"सहन करा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मीही केलं होतं."