मतदानाआधीचे पेढे

अहिल्या मॅजिस्ट्रेट होणार हे आमच्या मराठी मंडळाने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. कोर्टाच्या मुख्य जज्जबाईंनी तिला नेमलं होतं खरं, पण काउंटी बोर्डाने, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेने, मत देईपर्यंत ती नेमणूक पक्की नसते. एवढं समजून घ्यायची तसदी कोण घेतो? २००६च्या जानेवारीत, बोर्डाच्या सभेच्या संध्याकाळी, मंडळाचे अध्यक्ष गुरुदत्त सूट घालून हजर. बोर्डाच्या प्रत्येक मेंबरापुढे पेढ्यांचा खोका ठेवत, "अवर गर्ल, अवर गर्ल!"

"अहो, आधी निकाल तर लागू दे," मी म्हणालो.

"तुम्हाला ना, शुभ कार्यात खोडाच घालायचा असतो!"

अहिल्या इथेच, अमेरिकेत जन्मलेली, ॲन आर्बरमध्ये वकिली करणारी. माइकपाशी आली, खोके पाहिले आणि तिचा चेहरा पडला. सुलेखाकाकू, तिची आई, माझ्याशेजारी पदर आवळून बसलेल्या.

"हे माझ्या माणसांनी ठेवलंय," ती बोर्डाला म्हणाली. "आमच्यात आनंदाला गोड वाटतात. पण उद्या खटल्याच्या निकालाआधी कुणी मला काही दिलं तर मी घेणार नाही. तुम्हीही परत करा, तशी नोंद करा आणि मग मत द्या. विरोधात द्यायचं तर तसं द्या."

एका मेंबराचा पेढा तोंडातच राहिला. कसाबसा गिळून तो गुरगुरला, "ट्रॅफिकच्या दंडांसाठी मॅजिस्ट्रेट, वर तिला क्लार्क! खर्च कशाला?"

"दंडाचं तिकीट चुकीचं आहे म्हणणारा ट्रकवाला रजा टाकून येतो, सर. जज्ज मोठ्या खटल्यांत अडकलेले. त्याचं कुणी ऐकायचं? आणि क्लार्क नसेल तर त्याला तारीखही मिळणार नाही. नुसती खुर्ची देणार असाल, तर मला नेमू नका."

हाताशी आलेली नोकरी पणाला लावून बोलली पोरगी! आमच्यातले भलेभले बॉससमोर मान वर करत नाहीत.

मतदान झालं. नेमणूक मंजूर, क्लार्कही मंजूर. त्या गुरगुरणाऱ्यानेही हात वर केला.

बाहेर बर्फात गुरुदत्त खोके कवटाळून फणफणत होते. "नाक कापलं पोरीने!"

"कापलं? राखलं म्हणा!" मी म्हणालो.

तेवढ्यात अहिल्या आली. "काका, आता द्या." एक पेढा आईला भरवला, एक स्वतः खाल्ला. गुरुदत्त लगेच विरघळले. "बेटा, ते माझं स्पीडिंगचं तिकीट तुझ्याच कोर्टात..."

"ओळखीच्यांची केस मी घेत नाही, काका. दुसरं कुणीतरी ऐकेल." मग हसली. "आणि त्यांना पेढे नका नेऊ."