तीनपाशी अडलेली ललकारी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे ट्युनिशियातल्या आमच्या अख्ख्या स्फाक्स शहराला ठाऊक आहे. म्हणून तर माझ्या भाचीने, रिहाबने, आदल्या दिवशीच दम भरला होता. "मावशी, परीक्षक बाहेर जातील, परत येतील, निकाल वाचतील, मगच तुझी ती लग्नातली आनंदाची ललकारी द्यायची. तोवर बकलाव्याच्या मिठाईवरचा कागदही काढायचा नाही."

"अगं, ललकारी काय मी आयुष्यात पहिल्यांदा देतेय? निम्म्या गावाची लग्नं लावलीत."

"हे लग्न नाहीये, मावशी, माझ्या डॉक्टरेटची तोंडी परीक्षा आहे!"

लग्न परवडलं असतं. बँकेतली चांगली नोकरी सोडून ही पोरगी आकड्यांच्या मागे लागली. सहाला एक, दोन आणि तीनने भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा सहाच. अठ्ठावीसचंही तसंच. असे जेवढे आकडे सापडले ते सगळे सम. विषम एखादा आहे का? दोन हजार वर्षं भलेभले डोकं फोडताहेत. तो सापडतही नाही, आणि नाहीच असं कुणी छातीठोक सांगतही नाही. रिहाब म्हणे त्यातला एक कोपरा झाडून काढणार. अमुक प्रकारचा विषम आकडा तरी नाहीच, एवढंच सिद्ध करणार. विद्यापीठाने दिलेली मुदतही संपत आलेली. आज नापास झाली की डॉक्टरेट गेली ती गेलीच.

मी विद्यापीठाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले, मांडीवर बकलाव्याचं ताट घेऊन. समोर मुख्य परीक्षक सी तिजानी, आमच्याकडे साहेबाला 'सी' म्हणतात. चेहरा असा, की लिंबाने तोंड वाकडं करावं.

"या सगळ्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिहाब मात्र शांत. "सर, तुमच्या मोबाइलमधल्या पैशांना कुलूप असतं ते मोठमोठ्या आकड्यांचंच. हा कोपरा झाडताना आकडे फोडायची एक नवी रीत हाती लागली. कुठला आकडा पटकन फुटतो, ते चोराच्या आधी आपल्याला कळलेलं बरं."

मागे कुणीतरी खुसखुसलं. सी तिजानी हसले नाहीत. "बरं. मांडा सिद्धता."

तिने फळा भरून लिहिलं आणि शेवटी एक छोटा चौकोन काढला. सिद्धता संपली की चौकोन काढतात, हे तिनेच मला शिकवलं होतं. संपली म्हणजे संपली ना? मी दिली ठोकून ललकारी! चांगली लांबलचक, जीभ लवलवून. मागे बसलेल्या आमच्या नात्यातल्या बायकांनीही सूर धरला.

"थांबा!" सी तिजानींनी टेबलावर हात आपटला. "आणि तुमच्या आकड्याला तीनने भाग जात असेल तर? ही ओळ तिथे पडते."

रिहाबचा चेहरा पांढराफटक पडला. माझी तर पाचावर धारण बसली. अवेळी ललकारी म्हणजे अपशकुन! पोरीच्या अन्नात मीच माती कालवली की काय?

रिहाबने तळहाताने चौकोन पुसला. फळ्याकडे बघत उभी राहिली. मग ती स्वतःशीच पुटपुटली, "तीन असेल तर भाग देणाऱ्यांची बेरीज वाढते... वाढते म्हणजे आकड्याच्याही पुढे जाते, मग जुळणारच नाही!" आणि खडू धावायला लागला. "सर, ही बाजू तर त्याहून सोपी निघाली!"

तिने पुन्हा चौकोन काढला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओढणीचं टोक तोंडात कोंबून गप्प.

सी तिजानी उठून फळ्यापाशी गेले. सगळं पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून. मग चष्मा काढला.

"याच तीनपाशी मी तरुणपणी अडकलो होतो," ते हळूच म्हणाले. "पुढे वाटच नाही असं समजून सोडून दिलं."

"सी तिजानी, आपल्याला अजून बाहेर जाऊन निकाल ठरवायचाय," दुसरे परीक्षक म्हणाले.

"ठरवू की! निकाल कुठे पळून जातोय?" ते माझ्याकडे वळले. डोळे चक्क ओले होते माणसाचे. "मावशी, मघाची फुकट गेली. आता द्या एक खणखणीत."

मी तोंडातली ओढणी काढली, तोंड उघडलं, आणि काय सांगू, रडूच फुटलं! एक आवाज निघेल तर शपथ.

तेव्हा फळ्यापाशी उभ्या रिहाबनेच मान वर केली आणि ललकारी दिली.