पेशीच्या पोटात

पेशीमास्तरांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पेशीपटलातून आत काय जातं, बाहेर काय येतं, हे इतकं पाठ होतं, की फळ्याकडे न बघता आकृती काढायचे. पाठ झालेल्या गोष्टीचं नवल कुणाला वाटतं? शिकवताना त्यांनी चक्क जांभयाही दिल्या होत्या.

आज मात्र मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोन वर्षांची नात, ठकी, सकाळपासून जुलाबांनी लोळागोळा झाली होती. मुलगी-जावई परगावी. टेकडीवरच्या शिक्षक वसाहतीत सुटीमुळे बाकी सगळ्या घरांना कुलपं. स्पीकर लावलेल्या फोनवर डॉक्टरीण होती, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिची गाडी यायला दीड तास लागणार होता. ठकी रडत होती, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. ते कोरडं रडणं बघवत नव्हतं.

"उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून देतोय," मास्तर म्हणाले.

"आणि साखर?"

मास्तरांची नजर कपाटाकडे गेली. बायकोने फोन ओढून घेतला. "साखर नाही गं घरात. यांच्या मधुमेहापायी सहा वर्षांपूर्वीच हद्दपार केली. गूळसुद्धा ठेवत नाही मी."

"काकू, नुसतं मिठाचं पाणी नका देऊ. सर, तुम्हीच शिकवलंत ना? आतड्याच्या पेशीत मीठ आणि साखर जोडीने शिरतात, पाणी त्यांच्या मागोमाग. जोडीदार नसेल तर ते दार उघडत नाही."

हे वाक्य मास्तरांनी दरवर्षी दोन गुणांसाठी लिहून दिलं होतं. आता त्यावर ठकीचा जीव टांगला होता.

ते उठले. कपाटावर त्यांनी स्वतः केलेलं पेशीचं मॉडेल होतं, कलिंगडाएवढं, प्लास्टरचं. रंग उडेल म्हणून त्याची धूळसुद्धा ते कुणाला पुसू देत नसत. त्यांनी मधला लाल गोळा, म्हणजे केंद्रक, फिरवून काढला आणि पोकळीतून साखरेची पिशवी बाहेर ओढली.

बायकोने आधी मॉडेलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि मी त्या रक्त तपासणाऱ्याशी भांडले, की तुझंच मशीन बिघडलंय!" तिने पिशवी हिसकावली. "नंतर बोलते. चमचा आणा."

एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोजलं बायकोने. पहिले चमचे ठकीने ओकून टाकले. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात केली. मिनिटाला एक चमचा, घड्याळ बघून.

चमचा आत गेला की मास्तर डोळे मिटत. या एवढ्याशा पोटात कोट्यवधी पेशी, प्रत्येकीला साबणाच्या फुग्याहून पातळ पडदा, आणि त्या पडद्यात दारंच दारं. दाराशी पहारेकरी नाही, शिकवायला मास्तर नाही. मिठाचा कण येतो, साखरेचा येतो, दार वळतं, दोघं आत. मागून पाणी. हे आत्ता, या क्षणी, त्यांच्या मांडीवर चाललं होतं! त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकतीस वर्षं आपण याला आकृती म्हणत होतो, याची त्यांना लाज वाटली.

तास उलटून गेला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. ठकीने चमचा ढकलला, भोकाड पसरलं, आणि तिच्या डोळ्यातून एक टपोरा थेंब गालावरून कानापर्यंत घरंगळला.

बायकोने पदर पुढे केला. मास्तरांनी तिचा हात धरला.

"पुसू नकोस गं. बघू दे मला."

दोघं बघत राहिले. मग तिने तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"बघा," ती म्हणाली. "पण ते मॉडेल उद्यापासून मी पुसणार."