कपाट मात्र छान आलंय!

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावरच्या रबराला चिरा पडल्यात, पण अक्कल शाबूत आहे. माझ्या मालकाबद्दल तसं म्हणवत नाही.

मी नवा होतो तेव्हा दुकानदाराने माझ्या डोक्यावरची चकती दाखवली. आतला पडदा किती वेळ उघडा राहायचा ते ती फिरवून ठरतं, हे नीट समजावलं. मालक, म्हणजे घरातला दादा, तेव्हा माझ्या पट्ट्याचा रंग बघत होता!

पुढे कुठूनतरी ऐकून आला की घरात, फ्लॅशशिवाय, नुसत्या हातात धरून सेकंदाच्या पंधराव्या भागावर, म्हणजे पडदा बराच वेळ उघडा ठेवून, फोटो काढतो तोच खरा पट्टीचा. झालं! श्वास रोखायचा, कोपरं पोटाशी आवळायची आणि "माझा हात म्हणजे दगड" म्हणून मिरवायचं. पाहुणेही वाहवा करायचे. हात दगड होता, कबूल. डोकंही तसलंच.

त्याच्या आईची मान म्हातारपणामुळे सारखी हलायची. फ्लॅशने तिचे डोळे दुखायचे. दादा तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत कपाटासमोर बसवायचा आणि खेकसायचा, "आई, हलू नकोस ना!" ती बिचारी खुर्ची घट्ट धरायची, की मान आणखीच हलायची. फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा.

वर दादा म्हणायचा, "कपाट मात्र छान आलंय. किल्लीचं भोकसुद्धा दिसतंय!" अहाहा! जसं काही कपाटाचंच लग्न जमवायचं होतं.

एकदा आई म्हणाली, "माझाच दोष आहे रे. आता हा शेवटचा. यापुढे मला फोटोला बसवू नका." तिचे डोळे भरून आले. मला असा संताप आला म्हणून सांगू!

दादाची धाकटी बहीण तिथेच होती. ती म्हणाली, "दादा, तुझा हात हलत नाही, कळलं आम्हाला. पण आई हलते ना! चकती अडीचशेवर ने की, पडदा झटकन मिटेल."

"इथल्या उजेडात काळा येईल फोटो."

"मग तिला खिडकीशी बसव. आयएसओ वाढव, कमी उजेडातही येईल."

"रव्यासारखे दाणे येतात त्याने! माझ्या फोटोत दाणे?"

"येऊ देत. दे इकडे."

तिने मला हिसकावूनच घेतलं. आईला खिडकीशी बसवलं, चकती फिरवली. स्थिर बस वगैरे काही म्हणाली नाही, शेजारणीच्या गप्पा काढल्या. आई हसली. मान हलतच होती. माझा पडदा उघडला आणि लगेच मिटला.

माझ्या पाठीवरच्या काचेत उमटलेला फोटो आई कितीतरी वेळ बघत राहिली. "अगं, मान थांबलीय माझी," ती म्हणाली. मग केस सारखे करत म्हणाली, "आणखी एक काढ."

दादा वाकून बघत म्हणाला, "दाणे दिसतायत."

मित्रांनो, माझं भिंग मऊ कापडाने पुसा, मला ओलीत ठेवू नका. पण चकती फिरवण्याआधी समोर कोण बसलंय तेही बघा. नाहीतर एक दिवस तुमचीही आई म्हणेल, माझाच दोष आहे. आणि तुम्हाला ते खरं वाटेल.