दाबाआधीची चीर

कट् असा आवाज झाला आणि दाढ दुभंगली. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा नव्वदवर थांबला होता.

"परत नव्वदच!" शिकाऊ डॉक्टरीण कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. "ताई, ही आठवी. धडधाकट दाढ दोनशे किलो पेलते. मी एवढं भारीतलं फिलिंग भरलंय, तरी निम्म्यावरच मान टाकते."

ताईनं तुकडे चिमट्यानं उचलून डबीत ठेवले. दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर एकोणीस वर्षं ती हे दाबयंत्र चालवत होती. काढून टाकलेल्या दाढा खाली यायच्या, विद्यार्थी त्या कोरून भरायचे आणि ताई त्यांना दोन पोलादी पट्ट्यांमध्ये धरून मोडायची. "आमची ही पगार घेऊन लोकांचे दात पाडते," असं तिचा नवरा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. त्यांनी आकडे पाहिले आणि भुवया चढवल्या.

"शक्यच नाही. यंत्र बिघडलंय. नाहीतर चालवणाऱ्याचा हात." ते ताईकडे न बघताच बोलले. "शुक्रवारी मी स्वतः बघतो. हेच चालू राहिलं तर शोधनिबंधाचा विषय बदला."

ते गेले. डॉक्टरिणीचे डोळे भरून आले. दोन वर्षांची मेहनत होती. चालवणाऱ्याचा हात! ते ताईच्या जिव्हारी लागलं होतं.

तिनं कपाटातली प्रमाणित वजनं काढली आणि एकेक करून यंत्रावर चढवली. आकडा कुठेच चुकला नाही. मग तिनं भरून ठेवलेली, अजून न दाबलेली दाढ भिंगाखाली धरली. ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"डॉक्टर, इकडे या. ही तर यंत्रात गेलेलीच नाही ना?"

"नाही. का?"

"मग ही चीर कुणी पाडली?"

दाढेच्या भिंतीच्या बुडाशी केसासारखी पांढरी रेघ होती. डॉक्टरिणीनं उरलेल्या दाढाही तपासल्या. पाचांपैकी चारांना तशीच रेघ.

संध्याकाळी ताईचा नवरा कामावरून आला. तो गवंडी, हात कोपरापर्यंत पांढरे. मोरीत हात धुताना तो वैतागून बोलत होता, "नव्या पोरानं आज सगळा गिलावा एकाच दमात थापला. दुपारी बघतो तर भिंतभर भेगा."

ताईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "का हो पडतात?"

"सुकताना आकसतो ना तो. थर जाड, त्यात भिंतीला घट्ट धरलेला. मग जाणार कुठे? म्हणून पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा." त्यानं मान वर केली. "तू कशाला हसतेयस?"

"तुम्ही आज माझी अब्रू राखलीत," ताई म्हणाली. त्याला काहीच कळलं नाही, पण तोही हसला.

सकाळी तिनं डॉक्टरिणीला गाठलं. "तुम्ही फिलिंग एकाच वेळी भरता का?"

"हो. डब्यावर तसंच लिहिलंय. वरून निळा दिवा धरला की कडक होतं."

"कडक होताना आकसतं?"

डॉक्टरीण उत्तर द्यायला गेली आणि थबकली. "आकसतं... आणि भिंतींना चिकटलेलं असतं. म्हणजे ते भिंतींना आत ओढतंय! ताई, आपण दाब द्यायच्या आधीच दाढ ताणाखाली असते!"

"मग थर देऊन भरा की."

"आणि तळाला जरा लवचिक मसाल्याचा पातळ हात. तो ताण पोटात घेईल." ती पळतच वर गेली.

शुक्रवारी दहा दाढा तयार होत्या. विभागप्रमुख हाताची घडी घालून यंत्राशेजारी उभे राहिले. ताईनं आधी त्यांच्यादेखत वजनं चढवून दाखवली. मग पहिली दाढ बसवली आणि बटण दाबलं.

सत्तर. ऐंशी. नव्वद. डॉक्टरिणीनं डोळे मिटून घेतले. शंभर. एकशेवीस. दाढ हूं की चूं करेना. एकशेचाळीस. कट्! एकशेत्रेसष्ट.

"एक नशिबानंही टिकते," सर म्हणाले.

ताईनं दुसरी लावली. मग तिसरी. चौथीला सरांनी घडी सोडली, सहावीला ते वाकून पडद्याला नाक लावायला आले. दहाच्या दहा दाढा दीडशेच्या पुढे गेल्या. शेवटचा आवाज झाला तशी डॉक्टरिणीनं ताईला घट्ट मिठी मारली. दोघींचे चष्मे एकमेकांवर आपटले.

"चीर आधी कुणी पाहिली?" सरांनी विचारलं.

"ताईंनी. थरांचंही त्यांनीच सुचवलं."

"अर्धं माझ्या नवऱ्यानं," ताई म्हणाली.

सर तिच्याकडे वळले. "ताई, परवा मी चुकलो." त्यांनी टेबलावरच्या शोधनिबंधाचं पहिलं पान समोर ओढलं. डॉक्टरिणीच्या नावाखाली जागा होती. पेन उघडून ते थांबले. "तुमचं... पूर्ण नाव काय?"

एकोणीस वर्षांत त्या इमारतीत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. सरांनी सावकाश लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला.

"बरोबर आहे?"

ताईनं हात पुसले, चष्मा नीट केला आणि अक्षर न् अक्षर वाचलं.

"वेलांटी दुसरी," ती म्हणाली.

सरांनी ती खोडून पुन्हा लिहिली.